ताईचा कॉम्प्युटर

भाऊजी गेल्यानंतर दोन महिन्यांनी ताई पुण्याहून कायमची नागपूरला आली. भांडीकुंडी, कपाट, गाद्या सगळं सासरीच राहिलं. एकच वस्तू तिने मागून घेतली, ती म्हणजे भाऊजींचा कॉम्प्युटर. गोधडीत गुंडाळलेली ती पेटी रेल्वेच्या डब्यात रात्रभर पायांशी धरून तिने आणली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मनीषनगरात तेव्हा घरं थोडी आणि रिकामे प्लॉट जास्त. बाबांनी निवृत्त होऊन तिथे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं होतं. उन्हाळ्यात प्लॉटांवरच्या काळ्या मातीची भुकटी दाराच्या फटीतून आत यायची. ताई रोज सकाळी बाहेरच्या खोलीत मऊ कोरड्या ब्रशने कीबोर्डच्या कळांमधली धूळ झटकायची आणि मग मशीन चालू करायची. काम झालं की पेटी पूर्ण थंड होऊ द्यायची, त्यानंतरच मलमलीचं झाकण घालायची. मशीन चालू असेपर्यंत कूलर बंद, कारण ओली हवा त्याला मानवत नाही. भर मे महिन्यात बाबा तासभर पंख्याखाली घामाघूम होऊन बसत आणि काही बोलत नसत. भेटायला आलेल्या बायका मात्र बोलत. "नवरा गेला अन् हे मशीन घेऊन बसली," असं एकीने आईला माझ्यादेखत म्हटलं होतं.

एक दिवस ताई आणि बाबा भाऊजींच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. ताईला बरं वाटावं म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि कॉम्प्युटर पुसून काढला. मागच्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. कूलर चालूच होता.

संध्याकाळी ताईने बटण दाबलं. आतला पंखा फिरला, पण पडद्यावर अक्षर उमटेना. तिने पुन्हा बंद करून चालू केला. काहीच नाही. सीताबर्डीहून एक दुरुस्तीवाले आले. त्यांनी न उघडताच सांगितलं, "आतली सर्किटची प्लेट गेली. मुंबईला पाठवावं लागेल."

"ठेवून दे आता माळ्यावर," बाबा म्हणाले.

चार दिवस मी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ताईने मशीनसोबत आलेलं पुस्तक शेजारी उघडून ठेवलं, वायर भिंतीतल्या प्लगमधून काढली, पेटी पलंगावर घेतली आणि पेचकस हातात धरला. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काहून खोलून राहिली वं? तुले काय समजते त्यातलं?"

"नाही समजत बाबा. म्हणूनच खोलून राहिली."

बाबा आत निघून गेले. ताईने एकेक स्क्रू काढून माझ्या हातातल्या वाटीत टाकला. वरचा पत्रा निघाला तेव्हा आत राखेसारखा धुळीचा थर होता. तो पाहून मला राहवलं नाही. "ताई, मी ओल्या फडक्यानं पुसलं होतं त्याले," मी म्हटलं आणि रडायला लागले.

ती रागावली नाही. आत वाकून निरखत राहिली. मग माझं बोट धरून तिने एका चिपच्या छोट्या काळ्या चौकोनावर ठेवलं. "हे पाह्य. हलते. पाणी इथपर्यंत आलंच नाही. मशीन रोज तापते, रोज थंड होते, त्यानं हे सगळे आपल्या जागेवरून वर सरकले." पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अंगातली वीज उतरावी म्हणून तिने हात आधी पेटीच्या लोखंडी पत्र्याला लावला, मग ब्रशने धूळ काढली. आणि मग एकेक चौकोन अंगठ्याने खाली दाबत गेली. प्रत्येक वेळी बारीक कट् आवाज यायचा. तिच्या कपाळावरचा घाम आत पडू नये म्हणून मी ओढणीने टिपत होते.

पत्रा बसवून, वायर लावून तिने बटण दाबलं. थोडा वेळ पडदा काळाच होता. मग हिरवी अक्षरं आली.

मला वाटलं ती हसेल. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "त्यांनी मले कधी खोलू नाही दिलं. किती वेळा म्हटलं, दाखवा तरी आत काय आहे. तू खराब करशील, म्हणत." त्यात तक्रार नव्हती. मग तिचे खांदे हलायला लागले. पुण्याहून आल्यापासून ती आमच्यासमोर पहिल्यांदा रडत होती. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिला जवळ घेऊन बसली. पडद्यावर अक्षरं तशीच होती, मशीन कोणी बंद केलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्त्री बोलावून कूलर आतल्या खोलीच्या खिडकीत बसवून घेतला. बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरजवळ, झोपायचे ते स्वतःच. उन्हाळाभर ते तिथे ओला पंचा अंगावर घेऊन झोपले. ताईने किती सांगितलं, तरी कूलर त्यांनी परत हलवू दिला नाही.