धुतलेल्या बिया

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, सरकारी बागेचे मुख्य माळी. झाडापानांतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण बोलताना जीभ कधी अडखळली नाही. मी म्हणेन ती पूर्व दिशा! त्यांच्याच चिठ्ठीवर मी बागेच्या भांडारात चिकटलो होतो, त्यामुळे हा माणूस मला घरी आणि कामावर, दोन्हीकडे सोसावा लागे.

कार्यालयामागच्या उतारावर एक निळं रानफूल यायचं. दुसरीकडे कुठेच नाही. रोप एका हंगामाचं. बी रुजलं नाही तर खेळ खलास. या बीच्या टोकाला पांढरा, तेलकट कण असतो. थंडी सरताना बी पडतं, मुंग्या ते बिळात ओढून नेतात, कण खातात आणि बी आपल्या कचऱ्यात टाकून देतात. तिथल्या भुसभुशीत मातीत ते रुजतं. हे मला खुरपीवालीनं दाखवलं. ती रोजंदारीवर उतार खुरपायची आणि पुढच्या वर्षी कायम होणार होती.

दाजींच्या लेखी मुंग्या म्हणजे चोर. मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं आणि दाजींना कर्तबगारीचा झटका आला. सगळं बी खुडा, वाळूत घोळून लख्ख धुवा, बरण्यांत भरा. महिन्याभरानं मोठ्या साहेबांच्या हस्ते पेरू.

"तो पांढरा कण राहू द्या साहेब," खुरपीवाली म्हणाली. "मुंग्या त्याच्यासाठीच बी नेतात. आणि आत्ताच पडू द्या. आत्ता त्यांना दुसरं खायला नाही. महिन्याभरानं किडे मिळायला लागले की त्या ढुंकूनही बघत नाहीत."

"मला शिकवतेस? तीस वर्षं मी काय इथं गवत उपटलं?"

उपटलं असतं तर निदान बागेचं भलं झालं असतं.

मोठ्या साहेबांनी मुठी भरभरून बी उधळलं, फोटो निघाले. मुंग्या मेलेले किडे ओढत त्या लख्ख बियांवरून खुशाल चालत गेल्या. आठवड्याभरात पाखरांनी उतार साफ केला. पुढच्या हंगामात निळं फूल औषधालाही उरलं नाही.

दाजींनी खापर फोडायला डोकं शोधलंच. म्हणे, खुरपीवालीनं बी चोरून विकलं! तसा कागद तयार झाला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. बरण्या उतारावर मीच नेल्या होत्या, सगळ्या काठोकाठ भरलेल्या. तरी मी सही केली.

तिचं काम सुटलं त्या दिवशी ती खुरपं जमा करायला भांडारात आली. मला गप्प बसवेना. म्हणालो, "दाजींपुढे कुणाचं काही चालतं का, बाई?"

तिनं खुरपं पुसून टेबलावर ठेवलं.

"तुमच्या दाजींना कळतच नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुम्हाला तर मी शेजारी बसवून दाखवलं होतं."