नंदीशनं बोटीचं इंजिन ठरवलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या नंदीश बिराजदारला चहावाल्यानं 'साधा की स्पेशल?' असं विचारलं, की तो गप्प बसायचा. येईल तो चहा प्यायचा. माणूस मूर्ख म्हणाल तर मुळीच नाही. टॉवेलच्या कारखान्यातली जळकी मोटर नुसती हुंगून कुठलं वाइंडिंग गेलं ते सांगायचा. लग्नाआधी गोव्यात बोटींच्या वर्कशॉपात होता, म्हणून उजनीच्या मच्छीमारांची इंजिनंही त्याच्याच दुरुस्तीच्या गाळ्यात यायची. माहिती उदंड. ठरवणं मात्र त्याच्याकडं नव्हतं, ते खातं रत्नम्माचं.

रत्नम्मा म्हणजे त्याची बायको. त्याचे शर्ट, गाळ्याची जागा, पोरीचं सासर, सगळं तिनं ठरवलेलं. तो गोवा सोडून परत यावा हेसुद्धा तिनंच ठरवलं, आणि तेही लग्नाच्या आधी. नंदीशला शिंक आली तर तो आधी बायकोकडं बघतो, असं लोक म्हणायचे. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी हीच व्यवस्था होती, ते सोडा.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि रत्नम्मा गेली. भेटायला माणसं जमली, तर हा स्टुलावर चढून पंख्याला तेल घालतोय. "आवाज करतोय," म्हणाला. त्या पंख्याच्या चर्चेवर एमआयडीसीनं महिना काढला. कुणी म्हणालं दगड आहे, कुणी म्हणालं सुटला बिचारा. खरी गोष्ट अशी, की त्याला काहीच होत नव्हतं. दात काढताना बधिर केलेल्या गालासारखं झालं होतं. हात लावला तर गाल जाग्यावर होता, पण दुसऱ्याचा वाटायचा. गाळ्याचं शटर अर्धं उघडायचं आणि आत बसून राहायचं, एवढंच चाललेलं.

अशात त्याचा शाळेतला दोस्त शिवराज आला. ऊसवाला, आणि आता उजनीच्या पाण्याकाठी हॉटेलवाला. त्याला पाहुण्यांसाठी वेगाची बोट पाहिजे होती.

"नंद्या, बोट आली की. नुसतं टरफल हाय, इंजिन तू सांगायचं."

"कशाला पायजे?"

"पळवायला. शेजारच्या हॉटेलवाल्याचं दोनशे एचपीचं हाय. मला अडीचशेचं पायजे."

ऊसवाल्यांचं हे जुनं दुखणं. ट्रॅक्टर घ्यायचा तर शेजाऱ्याच्या एचपीहून वर. जमिनीवर ते खपून जातं. नंदीशनं फोनवरचे बोटीचे फोटो बघितले. मागच्या बाजूला पाटी होती.

"दीडशेच्या वर न्हाय, लिवलंय की."

"पाटीवर काय कायबी लिहितेत. बरं, कसलं बसवू ते तरी सांग."

मग नंदीश बोलला, झोपेत बोलावं तसा. एक, इंजिन बोटीच्या पोटात आणि पाण्यातला पंखा फिरवणारा पाय मागं बाहेर. दमदार असतं, डौलदार चालतं. दुसरं जेट. त्याला बाहेर पंखाच नाही, पाणी ओढतं आणि मागं फेकतं, उथळ पाण्यात बिनधास्त जातं. तिसरं, सगळंच्या सगळं मागं टांगायचं. तिन्हींचं चांगलं त्यानं सांगितलं, तिन्हींचं वाईटही सांगितलं.

"मंग कुठलं घेऊ?"

नंदीशनं फोन त्याच्या हातात परत दिला.

"आरं, तुला दुसरं लगीन कर म्हणलो का मी? इंजिन विचारतोय." शेवटी शिवराज उठला. "शुक्रवारपतूर सांग. न्हायतर पुण्याचा डीलर अडीचशेचं टांगून मोकळा हुतोय."

अडीचशेचं टांगलं तर काय होणार, हे नंदीशला दिसत होतं. मागं वजन झालं की बोट ढुंगण टेकून बसणार. वेगात असताना एकदम रेस सोडली की मागची लाट आत चढणार, आणि मागच्या बाकावर पाहुण्यांची पोरं. सगळं कळत होतं. एक नाव तेवढं तोंडातून निघत नव्हतं. ते शुक्रवारपर्यंत निघतं का, एवढाच सवाल होता.

गुरुवारी बसव्वाअक्का आली. ही रत्नम्माची थोरली बहीण, जिभेची धारदार. बहिणीच्या साड्या नात्यात वाटून टाकायच्या होत्या. तिनं कॉटवर ढीग घातले.

"नंदीश, आठवणीला यातली कुठली ठेवू?"

नंदीशनं मान वळवली.

"तुला विचारतेय मी, आणि तू भिंतीकडं बघतोस. भिंत नेसणार हाय का?" ती घड्या घालत राहिली. "आमची रत्नी बघ. दुकानदार रेशमी दाखवू दे, जरीची दाखवू दे, ही एकच विचारायची, धुणार कोण? मीच ना? मग ठेव आत. दुकानदार कपाळाला हात लावायचा."

नंदीशनं फोन उचलून शिवराजला लावला.

"शिवराज, बोट धुतो कोण?"

"धोंडीराम. आपला बोटवाला."

"इंजिन बिघडलं तर?"

"त्योच बघतोय. पाना हाय त्याच्याकडं."

"मंग ऐक. पोटातलं नको. त्याच्या पायावरचं रबर पाण्याखाली राहतंय, ते फाटलं तर बोटीत पाणी. बघायचं तर बोट वर काढावी लागंल, धोंडीराम कशानं काढणार? जेट नको, तुझ्या काठाला जलपर्णी हाय, ती गिळून बसंल. दीडशेचं, मागं टांगायचं. अडकलं तर बसल्या जागी वर उचलता येतंय. पंखा भरल्या बोटीच्या हिशोबानं घे, रिकाम्या नको. अडीचशेचं आणलंस तर मी हात लावणार न्हाय."

"कोण बोलतंय?" शिवराजनं विचारलं.

इंजिन बसल्यावर चाचणीला नंदीशला उचलूनच नेलं म्हणा. रिकाम्या बोटीनं शर्यतीत शेजाऱ्याकडून मार खाल्ला आणि शिवराजचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग दोन्ही बोटींत माणसं भरली. शेजाऱ्याची बोट मागं बसून रखडली आणि ही पाण्यावर उचलली गेली. काठाजवळ पंख्याला जलपर्णी गुंडाळली, तेव्हा धोंडीरामनं इंजिन वर उचललं, विळ्यानं ती कापली, पुन्हा सुरू केलं.

"कसं वाटतंय, नंद्या?" शिवराज वाऱ्यात ओरडला.

नंदीशनं प्रामाणिकपणे स्वतःच्या आत चाचपून बघितलं.

"काय न्हाय," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पाणी गार हाय."

घरी आला तर साड्या अजून कॉटवरच होत्या आणि त्या न्यायला बसव्वाअक्का पुन्हा दारात.

"ती निळी ठेव," नंदीश म्हणाला.

"ही? ही तर रत्नीला कधी आवडलीच न्हाय. कुणीतरी दिलेली."

"मला आवडायची."

अक्कानं निळी बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत हे कुणी ऐकलं नव्हतं. रत्नम्मानंही नाही.

"धुणार कोण?" अक्कानं विचारलं.

"मी."

धुतली. धुवायची काही गरज नव्हती. शर्टांबरोबर बादलीत टाकली, रंग सुटला, दोन शर्ट निळे झाले. ते घालून तो गाळ्यात बसतो, आणि एमआयडीसीला आणखी महिनाभराची सोय झाली. शटर मात्र आता पूर्ण वर असतं.