दोन इंच अंबाड्याचे

इतकी डोकी हाताळूनही डोक्याबद्दल इतकं कमी कळलेला माणूस मी माझ्या साडूंशिवाय दुसरा पाहिलेला नाही. सोनिवलीत राहतात आणि बदलापूर-उल्हासनगरच्या लग्नांत फेटे बांधतात. फेट्याआधी गिऱ्हाइकाचं डोकं टेपने मोजायचं आणि नाव, वय, बाई की पुरुष, घेर किती, हे डायरीत टिपायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्या डायरीतून त्यांनी शोध लावला, की पुरुषाचा मेंदू मोठा, बाईचा लहान. बाईचा चाळिशीत आटायला लागतो, पुरुषाचा थेट साठीनंतर. म्हणून ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जन्मभर नुसत्या कापडाच्या चुण्या घालायला ठेवलं. एक फेटा बांधू दिला नाही.

"हे डोक्याचं काम आहे," ते म्हणायचे.

"मग माझ्या मानेवर काय मडकं आहे?" ताई विचारायच्या. त्यावर ते टेप गुंडाळत बसायचे.

मला आकडे तपासल्याशिवाय राहवत नाही. एका दुपारी डायरी उघडली, तर बायकांच्या प्रत्येक मापातून दोन इंच वजा!

"दादा, हे दोन इंच कसले?"

"अंबाड्याचे."

"आणि जिचे केस आखूड आहेत, तिचे?"

"तिचेही. साडूभाऊ, नियम सगळ्यांना सारखा नको?"

पुढे एका दुकानदाराचं नाव दोनदा होतं. स्वतःच्या लग्नात दाट कुरळे केस, मुलाच्या लग्नात पूर्ण टक्कल. शेरा: 'मेंदू आटला.'

"अहो, केस गेले त्याचे!"

"पण माप कमी आलं ना?"

मी डायरी मिटून ठेवली.

गेल्या थंडीत जांभूळ गावच्या एका लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर चार वेढे देऊन त्यांचे हात थांबले. पुढचं आठवेना. वरात खोळंबली. ताईंनी पुढे होऊन फेटा पुरा केला, तुऱ्यासकट. घरी येऊन साडूंनी स्वतःचं डोकं मोजलं. अर्धा इंच कमी. त्याच आठवड्यात त्यांनी केस बारीक कापले होते, पण हे त्यांना कोण सांगणार? आठ दिवस धड जेवले नाहीत.

शेवटी मीच स्कॅनला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आजार काही नाही. वयाने मेंदू थोडा आकसतो, बाईचाही आणि पुरुषाचाही. सरासरीने पुरुषाचा थोडा मोठा असतो, पण त्यावरून कुणाची अक्कल मोजता येत नाही."

"मग मोजायची कशाने?" यांनी विचारलं. बाई हसल्या.

आता फेटे ताई बांधतात आणि चुण्या हे घालतात. परवा अंबरनाथला आमच्या घरी आले, टेप आणि डायरी माझ्या हातात दिली आणि मान खाली घालून म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा हिशोब चोख. बघा जरा."

मी मोजलं. अर्धा इंच कमीच होता; केस अजून तसेच बारीक कापलेले होते. केसांचं पुन्हा समजावून सांगावं, असं तोंडावर आलं होतं.

"होतं तेवढंच आहे, दादा," मी म्हणालो, आणि डायरीत तसंच लिहिलं.