बंद राहणारा स्विच

"चालू काय, कुणीही करेल हो. बंद राहतो का, ते दाखवा."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं ते सायकल ठेवताना. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक खोली होती, बांधकामाच्या वेळी सिमेंट ठेवायला केलेली. तिचं दार उघडं होतं. आत टेबलावर वाकलेले एक गृहस्थ, शेजारी घामाघूम झालेले तिसऱ्या मजल्यावरचे प्रधान आणि दोघांच्या मध्ये तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं.

"आत ये, नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहू नकोस, बाय. उजेड अडतो," गृहस्थ मान वर न करता म्हणाले.

मी आत गेले. तेव्हा मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी आकडे ऐकले की मनात भाषांतर करावं लागायचं, आणि कुणी चारचौघांत काही विचारलं की दोन्ही भाषा एकदम पळून जायच्या. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सोल्डरिंग गन मुलांच्या हातात असायची आणि जर्नल माझ्या. त्या खोलीत पहिल्याच रविवारी ती गन माझ्या हातात आली. "अक्षर चांगलं आहे का?" असं मला तिथे कुणी विचारलं नाही.

त्या गृहस्थांना आम्ही काका म्हणायचो. ठाण्याला वेल्डिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यात ते टेस्टिंग खात्यात होते आणि रविवारी हौशी लोकांना जमवायचे. हौस अशी, की कॉइलमधून क्षणभरच पण खूप मोठा करंट सोडायचा आणि तिच्या चुंबकाच्या ओढीने लोखंडी खिळा नळीतून पुढे फेकायचा. ऐकायला पोरखेळ वाटेल. पण एवढा करंट सोडणारा आणि तोडणारा स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. त्याला नीट चालवलं नाही तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तो जातो. आणि कॅपॅसिटरमध्ये भरून ठेवलेली वीज तर माणसालाही सोडत नाही.

काका मूळचे कळव्याच्या खाडीकाठचे. त्यांचे वडील मिठागरात होते. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात एक लाकडी फळी असते, तिला ते उघाडी म्हणायचे. आमचं निम्मं इलेक्ट्रॉनिक्स आम्ही त्या उघाडीवरच शिकलो.

ट्रान्झिस्टरच्या ज्या पायावर इशारा द्यायचा, तो गेट. एका कॉलेजकुमाराने लहानशा चिपची तार थेट गेटला जोडली होती. स्विच चालायचा, पण चटका बसेल इतका तापायचा.

"अर्धा उघडतोय तो," काका म्हणाले. "भरतीला उघाडी अर्धीच उचललीस तर पाणी फळीच उखडून नेतं. उचलायची तर झटक्यात, पूर्ण. पाडायची तीही झटक्यात. तुझ्या चिपच्या अंगात तेवढा जोर नाही. मध्ये जोरकस गडी ठेव." तो गडी म्हणजे ड्रायव्हर, गेटला पटकन भरणारी आणि पटकन रिकामी करणारी जोडी.

आणि कॉइल? कॉइलमधला करंट एकदम तोडला, तर तो मुकाट्याने थांबत नाही. "धावत्या पाण्याला अडवलंस तर ते बांधावर चढणारच. त्याला फिरून जायला वाट ठेव." ती वाट म्हणजे कॉइलवर आडवा टाकलेला डायोड. तो उलटा लावण्याचा मान प्रधानांनी दोनदा मिळवला.

त्या खोलीचा एक रिवाज होता. हात लावण्याआधी काय करणार ते मोठ्याने बोलायचं. "सप्लाय बंद. कॅपॅसिटर रिकामा करतोय. मीटर शून्य. आता हात लावतोय." एकाने बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं, आणि बोलणं नि करणं जुळलं नाही तर कुणीही ओरडायचं.

मी हे सगळं पुटपुटायचे.

"कुणाला सांगतेस? कॅपॅसिटरला?" काका विचारायचे. "त्याला कान नाहीत. आम्हाला सांग."

सगळे हसायचे. मी आणखी हळू बोलायचे. ओरडायची वेळ आली तर मी प्रधानांच्या बाहीला नुसती चिमटीने ओढायचे.

प्रधानांबद्दल तुमचं मत बनत आलं असेल, तर ते बरोबर आहे. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या बारकाईने तपासणारा हा माणूस खोलीत आला की त्याला दम निघायचा नाही. गेटपासून सर्किटच्या ग्राउंडला एक छोटा रेझिस्टर लावायचा, हा काकांचा पहिला नियम. गेटची तार सुटली, कुणी तिला धरलेलं नसलं, तरी त्या रेझिस्टरमुळे स्विच बंदच राहतो. प्रधानांना तो फालतू वाटायचा. "मी तर काढूनच टाकलेला तो. त्याच्याशिवायपण मस्त चालतंय!"

चाललं, पुढच्या रविवारपर्यंत. गेटची तार निसटली होती. प्रधान न बोलता, कॅपॅसिटर भरलेला असतानाच, ती जोडायला गेले. नुसतं बोट जवळ जायची खोटी, फट्‌कन आवाज झाला आणि खिळा त्यांच्या कोपराजवळून जाऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घुसला.

काका रागावले नाहीत. आधी सप्लाय काढला, मोठ्याने बोलत कॅपॅसिटर रिकामा केला, मीटर सगळ्यांना दाखवला. मग डबा उघडून प्रधानांपुढे धरला. "घ्या. बिस्किटं वाचली, तुम्हीही वाचलात." प्रधान डब्याच्या भोकाकडेच बघत राहिले, बिस्किट काकांनाच उचलून द्यावं लागलं. काकांचे डोळे मात्र मी पाहिले. ते प्रधानांपेक्षा जास्त घाबरले होते.

तो आवाज जिन्यात सगळ्यांनी ऐकला होता. सोसायटीच्या सेक्रेटरी सामंतबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांनी दुसऱ्याच दिवशी खोलीला कुलूप लावलं आणि विषय मीटिंगमध्ये घेतला. त्याच सुमारास कळलं, की काकांचा कारखाना ठाण्यातून हलवून गुजरातेत नेणार आहेत, आणि काकांना बरोबर जावं लागणार आहे.

ते गेले आणि तिकडचेच झाले. आता तर तिथेही नाहीत. मला त्यांचं जे शेवटचं नीट आठवतं, ते त्या मीटिंगमधलं.

मीटिंग गच्चीवर होती. काकांनी सगळी मांडामांड वर आणली. नळीच्या तोंडाशी जाड गोधडीची वळकटी, पुढे ॲक्रिलिकचा पारदर्शक पडदा. प्रधान मोठ्याने एकेक पायरी बोलत गेले, अगदी बँकेत टोकन पुकारतात तसे. खिळा सुटला, गोधडीत गेला. थोड्या टाळ्याही पडल्या.

"हे चालू करणं झालं," काका म्हणाले. त्यांनी कॅपॅसिटर पुन्हा भरला, लांब मुठीची पक्कड घेतली आणि गेटला इशारा नेणारी तार सर्वांदेखत कापली. पुढच्या रांगेतले लोक खुर्चीसकट मागे सरकले. तारेचं टोक हवेत हलत राहिलं. खिळा जागचा हलला नाही; गेटचा रेझिस्टर आपल्या जागी होता. काकांनी कॅपॅसिटर रिकामा केला आणि मीटर सामंतबाईंपुढे धरला. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"माझी खात्री पटली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच पटली होती. "पण ती तुमच्याबद्दल. पुढच्या महिन्यात तुम्ही इथे नसणार. मग त्या खोलीत कुणी चुकीचा हात घालायला लागलं, तर त्याला अडवणार कोण? नाव सांगा, मी आत्ता किल्ली देते."

"प्रधान अडवतील की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि गच्ची हसली. प्रधान आपल्या चपलांकडे बघू लागले.

काका कापलेली तार बोटाला गुंडाळू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी मान खाली घातली असती, हे त्यांना ठाऊक असावं असं मला आजही वाटतं.

बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकायला पर्स उघडली. मला एकदम कॉलेजचं ते जर्नल दिसलं, समास आखलेलं, स्वच्छ. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा आवाज झाला आणि सगळे वळले. "मी," एवढंच तोंडून आलं, तेही जेमतेम.

"काय म्हणालीस गं?" सामंतबाईंनी विचारलं.

"मी अडवीन," मी म्हणाले, पार टाकीपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "प्रधानकाकांनासुद्धा."