कॅमेऱ्यातलं अर्ध्या किलोचं माप

आमच्या जळकोटात लग्नाचा फोटोग्राफर कसा ठरवतात ते सांगते. इसार द्यायच्या आधी घरातला कर्ता त्याचा कॅमेरा हातात घेतो, दोनदा वरखाली करतो आणि मग हो किंवा नाही म्हणतो. त्यानं आधी काढलेले फोटो कुणी बघत नाही. मी इथल्या हायस्कूलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्याचं हे फळ.

तौफिक माझा विद्यार्थी. दहावीला भिंगाची आकृती काढताना तो किरण भिंगाला हात न लावता बाहेरूनच वळवायचा. आज त्याच भिंगावर पोट भरतो. त्याचे वडील दादामियाँ यांचा हायवेला लागून स्टुडिओ होता. माणूस कमी बोलणारा. "हनुवटी खाली" एवढंच म्हणायचे, पण सगळं गाव त्यांनी त्या दोन शब्दांत सरळ बसवलं. ते गेल्यावर तौफिकनं दुकान सांभाळलं. पासपोर्टचे फोटो मोबाईलनं खाल्ले, हातात राहिली फक्त लग्नं. आणि गेल्या डिसेंबरात वडिलांच्या हातचा जुना जड कॅमेरा कायमचा बंद पडला. सोलापूरच्या कारागिरानं उघडला, मिटला आणि याचे पार्ट आता येत नाहीत म्हणून पिशवीत घालून दिला.

फेब्रुवारीत अण्णारावांच्या मुलीचं, शिवकन्येचं लग्न होतं. अण्णाराव म्हणजे इथले आडते. तूर, सोयाबीन, हरभरा, सगळं त्यांच्या काट्यावरून जातं. आणि काटा असूनही हा माणूस आधी तळहातावर घेऊनच जोखतो. त्यांनी ज्याला बोलावलं त्याला आजूबाजूची दहा गावं बोलावतात. त्यांनी नाही म्हटलं, तर तौफिकनं स्टुडिओला कुलूप लावायचं आणि पुण्याला कंपनीत लागायचं, असं त्याच्या घरात ठरूनच गेलं होतं.

जवळ पस्तीस हजार. एवढ्यात दुसरा कॅमेरा घ्यायचा म्हणून तो माझ्याकडं आला. मोबाईलमध्ये सोलापूरच्या दुकानातल्या दोन कॅमेऱ्यांचे फोटो होते. एक नवा कोरा, थोराड अंगाचा, बटण दाबलं की हत्तीच्या सोंडेसारखी नळी बाहेर काढणारा. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, यानं चंद्रावरचे खड्डे दिसतात. मी विचारलं, तुला शिवकन्येचं लग्न काढायचंय की चंद्राचं? दुसरा वापरलेला, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याबरोबर एक आखूड लेन्स.

मी त्याला पुन्हा दहावीत बसवलं. म्हटलं, त्या थोराडाच्या पोटात प्रकाश टिपणारी पट्टी करंगळीच्या नखाएवढी आहे. या बारक्याच्या पोटात ती काडेपेटीच्या निम्मी तरी आहे. शिवाय लेन्सचं तोंड मोठं, म्हणजे अंधारातही उजेड आत घेईल. तुमचं मंगल कार्यालय म्हणजे पत्र्याचं गोदाम, भर दुपारी तिथं दिवे लावावे लागतात. मेगापिक्सेलचे आकडे दुकानदाराला परत दे, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला लागतील.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "बाई, पर अण्णाराव म्हणतील ह्यो मोबाईलच हाय."

फोटो अण्णाराव काढणार नाहीत, तू काढणार आहेस, असं मी सुनावलं. बिचाऱ्यानं ऐकलं आणि बारका आणला. आल्या संध्याकाळी त्यानं माझ्या ओट्यावर, बल्ब बंद करून, चुलीच्या कडेला बसलेल्या माझ्या मांजराचा फोटो काढला. मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा असा आला होता.

दुसऱ्या दिवशी तो अण्णारावांच्या आडतीवर गेला. मीही गेले, डाळीचा भाव विचारायचं निमित्त काढून. तौफिकनं मांजराचा फोटो पुढं केला. अण्णारावांनी तो बघितलाही नाही. कॅमेरा तळहातावर घेतला, वरखाली केला आणि शेंगदाणा परत टाकावा तसा परत दिला.

"तौफिक, हे खेळणं घिऊन शिवकन्याच्या लग्नाला येतोस व्हय? तुझ्या बापाचा कॅमेरा धरला की मनगट दुखायचं."

तौफिक मान खाली घालून उभा. मी भिंगाबद्दल चार शब्द बोलायला गेले, तर अण्णाराव मला डाळीचा भाव सांगायला लागले. गुरुवारपर्यंत दुसरी सोय कर, नाहीतर उमरग्याचा फोटोग्राफर सांगतो, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

तौफिक आणि मी परत निघालो. मी त्याला पस्तीस हजाराला बुडवलं, हे त्यानं म्हणायला हवं होतं. पण ही सगळी मुलं आदरापायी मरतात. कोपऱ्यावर थांबला आणि एवढंच म्हणाला, "बाई, प्रयोगाची लोखंडी मापं तुमच्याकडंच हायत न्हवं अजून?"

त्याच्या डोक्यात काय आहे ते कळल्यावर मी त्याला मूर्ख म्हटलं. आणि माळ्यावरून अर्ध्या किलोचं माप काढून दिलं.

दादामियाँचा जुना फ्लॅश होता, परातीएवढ्या तोंडाचा, कधीच मेलेला. तो त्यानं लोखंडी पट्टीवर चढवला. पट्टीखाली त्याच फ्लॅशचा बॅटरीचा रिकामा डबा तारेनं लटकवला, त्यात चिंधीत गुंडाळून माझं माप बसवलं. या सगळ्या तोफखान्याच्या मधोमध तो बारका कॅमेरा, देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती असावी तसा.

गुरुवारी अण्णारावांनी ते धूड दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आता कसं. ह्याला म्हणायचं मशीन."

इसार तिथंच मिळाला.

लग्नात मी पहिल्या रांगेत बसले. कार्यालयात निम्मे दिवे लागलेले, तेही लाल-हिरवे. फ्लॅश एकदाही चमकला नाही. अण्णारावांच्या ते लक्षात आलं, तसा तौफिक गंभीरपणे म्हणाला, "नव्या जातीचा हाय अण्णा, डोळ्याला दिसत न्हाय." अण्णारावांनी मान डोलावली आणि ही बातमी शेजारच्या दोघांना सांगितली. तेवढ्यात डब्याची तार एका बाजूनं सुटली. तौफिकनं पोटाशी डबा दाबून धरला आणि त्याच अवस्थेत अक्षता पडताना फोटो काढत राहिला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

आठ दिवसांनी तौफिक अल्बम घेऊन गेला, तेव्हा अण्णारावांनी मलाही बघायला बोलावलं. फोटो खरोखर सुंदर. हवेत थांबलेला एकेक तांदूळ दिसतो. शिवकन्येच्या पापणीवर एक अडकलाय, आणि ती ओठ दाबून हसू आवरत शेजारी बघतेय. शेजारी तिचे वडील. भर मंगलाष्टकात, आहेरातली चांदीची समई तळहातावर घेऊन जोखतायत.

अण्णारावांनी त्या फोटोवर बोट टेकवलं.

"कसं लखलखीत आलंय. बघा बाई, शेवटी वजनाचा फरक पडतोच."

मी तौफिककडं बघितलं. तो अल्बमचं प्लास्टिक नीट करत होता. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, आता तरी खरं सांगशील का त्यांना? तो म्हणाला, मेमध्ये अणदूरची दोन लग्नं आहेत, एक नळदुर्गचं आहे, तिन्ही अण्णारावांच्याच शब्दावर मिळालीयत. स्टुडिओचं कुलूप आता फक्त झोपताना लागतं.

माझं माप अजून परत आलेलं नाही. परवा तौफिकनं निरोप पाठवलाय, नळदुर्गच्या लग्नघरचा कर्ता पैलवान आहे, एक किलोचं असेल तर बघा.