गफूरमिस्त्रींची शुक्रवारची दाढी

गफूरमिस्त्री दर शुक्रवारी सकाळी अंगणात बसून दाढी करत, आणि त्यांच्या गालावर दाढी नव्हती. दिग्रसच्या त्या गल्लीत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. मी माझ्या ओट्यावर चहा घेत बसलेला असे आणि पलीकडे हा पन्नाशीचा, हाडापेराने दणकट माणूस निंबाला आरसा टांगून, पितळी वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवून, गुळगुळीत गालांवर साबणाचा फेस चढवत असे. मग वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत अगदी सावकाश. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या रशीदाभाभी, बाहेर येत, वाटी उचलत आणि भिंतीकडेच्या नालीत पाणी फेकत. मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, लोकांचं नको ते पाहायची सवय असलेला. पण हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

मिस्त्री जिनात होते. जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करण्याचा कारखाना. कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आधी काही बोलत नसत, नुसता तळहात ठेवत. शेठ कपाळाला हात लावून ओरडत असायचे आणि हे बेरिंगवर हात ठेवून डोळे मिटून उभे. "थांबा शेठ, थे सांगून राह्यलं." एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बसायच्या आधी त्यांनी माझ्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवला. म्हणाले, "हिच्यात पाणी मुरून राह्यलं. पावसाळ्यात पडन." मी हसलो. श्रावणात ती भिंत पडली. तेव्हा ते मुकाट्याने येऊन विटा रचून गेले, पण जाताना म्हणालेच, "यंत्र खोटं बोलत नाही, भिंत खोटं बोलत नाही. बोलते तो माणूसच."

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षाची गोष्ट. कापसाचा हंगाम भरात होता आणि मिस्त्री सकाळी अकरालाच पोत्यांवर टेकलेले दिसू लागले. एका शुक्रवारी दुपारी, दवाखाना रिकामा होता तेव्हा, ते आले. तीन पायऱ्या चढून दाराशी दम खात उभे राहिले. "बेरिंग गरम नाही, पट्टा तुटला नाही, तरी जीन बंद पडून राह्यलं. काय झालं असन, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी त्यांना पडद्याआड नेलं. पडदा कापडाचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. दिवसभर झोप येते. हातपाय शिशाचे झालेत. मिशी विरळ झाली, दाढी तर येतच नाही. घरी... असं म्हणून ते थांबले. डॉक्टरांनी विचारलं, मोठेपणी गालफुगी झाली होती का? "झालती. सात वर्सं झाले. गाल उतरले आन् सूज खाली गेली. लय तरास झाला तवा." डॉक्टर म्हणाले, पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, तो तुमच्यात आटला आहे. आता सुईने द्यावा लागेल, जन्मभर. मिस्त्री म्हणाले, "म्हंजे तेल संपलं."

दाढीचं कोडं त्या दिवशी सुटलं. तीन वर्षांपूर्वी किसन न्हावी भर दुकानात म्हणाला होता, "मिस्त्री, तुमच्या गालावर वस्तरा चालवनं म्हंजे काचेवर नांगर धरनं." सगळं दुकान हसलं. मिस्त्रीही हसले आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून निंबाखालची ती दाढी. घरी कळू नये म्हणून. जाताना त्यांनी डॉक्टरांचे हात धरले. "काही करा, पन हे घरी नाही कळलं पायजे." डॉक्टरांनी रजिस्टरात 'अशक्तपणा' असं लिहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला कुलूप लावण्याचं काम माझ्याकडे आलं.

टेस्टोस्टेरॉनच्या काचेच्या कुप्या नागपूरहून मागवाव्या लागत. औषध तेलात असे, दाट, सुईतून लवकर उतरत नसे. मी कुपी कोमट पाण्यात ठेवायला लागलो की मिस्त्री म्हणत, "द्या इकडं." आणि ती मुठीत धरून बसत. दर तिसऱ्या शुक्रवारी, नमाज आटोपून. इंजेक्शनच्या वेळी भिंतीवर तळहात टेकून उभे राहत. पहिले दोन महिने काहीच झालं नाही. "कायले मेहनत करून राह्यले, कंपाउंडरसाहेब? जुनं इंजिन हाय," असं ते म्हणत आणि मलाही मनातून तसंच वाटे. चौथ्या महिन्यात एकदा ते तिन्ही पायऱ्या न थांबता चढून आले. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं. लोकांना वाटतं अशा सुईने माणूस वीस वर्षांचा होतो. मिस्त्री पन्नाशीचेच झाले, जे ते होतेच. तेवढंच पुष्कळ होतं.

त्या सुमारास भाभींकडून आमच्याकडे शुक्रवारी शेवयांची वाटी येऊ लागली. ईद नाही, काही नाही. शेजारधर्म म्हणून मी खाल्ल्या. पण माझी बायको भिंतीपलीकडचं जे ऐकून येई, ते ऐकल्यावर मी ती वाटी तिच्याच पुढे सरकवू लागलो. भाभी तिला म्हणाल्या होत्या, "घरात दोन मानसं राह्यतो, बाई, पन एकमेकाले काही सांगत नाही. मी त्यायची कोन हाय, तेच मले समजत नाही." मला सगळं ठाऊक, आणि बोलायची सोय नाही. असलं ओझं वागवून मी तर पस्तिशीतच म्हातारा झालो असतो. शेवटी एकदा भिंतीशी गाठून मी मिस्त्रींना म्हणालो, सांगून टाका त्यांना. ते खालच्या आवाजात म्हणाले, "काय सांगू? का तुहा नवरा शिशीत भरून नागपूरहून येते?"

दोन वर्षांनी माझी उमरखेडच्या दवाखान्यात नेमणूक झाली. माझ्या जागी जो येणार होता तो किसन न्हाव्याचा साडू. मिस्त्रींना हे कळलं तसे ते संध्याकाळी येऊन पायरीवर बसले. "मंग आता तेल बंद." मी म्हणालो, हंगाम तोंडावर आहे, दोन महिन्यांत पुन्हा पोत्यांवर पडाल. म्हणाले, "पडीन. पन त्या साडूच्या हातात माही अब्रू नाही देनार." मला राग आला. खरं तर त्या दिवशी मी स्वतःच सामान बांधून थकलो होतो. मी म्हणालो, "मिस्त्री, पाच वर्षं हे लपवत आलात, आधी नसलेल्या दाढीला साबण लावून, आता सुई चोरून. थकला नाहीत?"

त्यांनी पायरीवर तळहात टेकला. मग म्हणाले, "थकलो ना जी. तुमच्या तेलानं हातपाय उठले. पन हे लपवाचं ओझं, हे काही उतरून नाही राह्यलं."

शुक्रवारी मी उकळलेली सिरिंज डबीत घालून त्यांच्या घरी गेलो. भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मिस्त्रींनी खाली पाहतच म्हटलं, "कंपाउंडरसाहेब उमरखेडले जाऊन राह्यले. सुई तुले शिका लागन."

"कायची सुई?"

मिस्त्रींचा हात भिंतीवर गेला. "ताकतीची," ते म्हणाले.

भाभी पदर सावरून पुढे आल्या. आवाज चढला नव्हता, उलट दमलेला होता. "ताकतीची हाय का दाढीची? वाटीतलं पानी दर शुक्रवारी कोन फेकते या घरात? तीन वर्सं फेकलं. एक केस नसे त्यात."

मिस्त्रींनी आता मान वर केली. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमी साबन लावत होते ना. माह्यासाठी एवढी मेहनत करून राह्यले होते. मी कशी बोलू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मंग पान्यात केस येऊ लागले. तवा समजलं, कोन्ती तरी दवा लागू पडली. शेवया कायच्या होत्या वाटते तुमाले?"

मी बावळटासारखा डबी धरून उभा होतो. मिस्त्री खाटेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. भाभींनी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मला तिथून निघून जायचं होतं, पण सुई शिकवायची राहिली होती.

शिकवली संत्र्यावर. नवशिक्याला साल टोचायला संत्र्यासारखं काही नाही, आणि आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही. भाभींचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. डबी मी दोन सुयांसकट त्यांच्याकडेच ठेवली आणि कुप्या उमरखेडहून पाठवत राहिलो. सुई बोथट झाली की मिस्त्री स्वतः सहाणेवर तेल घालून तिला धार लावत, असं पुढे भाभींकडून कळलं. पत्र येई ते कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, त्यामुळे त्यात दोघांची 'तबियत ठीक' एवढंच असे. डॉक्टर धरून आम्हा चौघांचं गुपित पाचव्याला सांगायची गरज उरली नव्हती.

ते गेले साठीच्या अलीकडेच, चार दिवसांच्या तापाने. मी उमरखेडहून बसने पोचलो तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. निंबाला आरसा अजून टांगलेला होता. भाभींनी माझी सिरिंजची डबी आणून हातात दिली, स्वच्छ उकळून, आत दोन्ही सुया धार लावलेल्या. मी ती उघडून पाहिली आणि पुन्हा मिटली. आज मी त्यांच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलो आहे, दुपारी खुर्चीतून उठताना हातपाय शिशाचे होतात, आणि तेव्हा मिस्त्री आठवतात.

भाभीच बोलल्या. "ताप होता, तरी शुक्रवारी बसले दाढी कराले. म्या म्हटलं, राहू द्या. आयकलं नाही. मंग पानी मीच फेकलं." आणि आरशाकडे पाहत म्हणाल्या, "लय केस होते, भाऊ. सगळे पांढरे."