कीफ, डॅनियल, गनर

टेरेसा ओकीफ यांना लहानपणापासून एकच सांगितलं गेलं होतं, की तुझा बाप पळून गेला. डॅनियल ओकीफ मूळचा आयर्लंडचा. ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात भरती होऊन तो सिंगापूरला आला आणि ॲग्नेस नावाच्या इथल्या युरेशियन मुलीशी लग्न करून राहिला. १९४२ साली जपानी सैन्य शहरात शिरलं, त्या आठवड्यात तो जो दिसेनासा झाला तो कायमचाच. टेरेसा तेव्हा आठ वर्षांची होती. ॲग्नेसनं शिवणकाम करून तिला वाढवलं, पण नवऱ्याचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही.

सिंगापूरच्या बेडोक भागात त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुलेखाला हे कळलं ते २००५ साली. तरुणपणी टेरेसाआंटींनी क्रांजीच्या युद्धस्मारकातली यादी एकदा पाहिली होती. ‘ओ’ अक्षराखाली वडील सापडले नाहीत, तेव्हा त्यांनी लोकांचं म्हणणं खरं मानलं.

सुलेखा बँकेत ग्राहकांची कागदपत्रं तपासायची. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं ती रोज पाहत असे. तिच्या माहेरच्या कुळकर्ण्यांचीही तीच गत. तिनं आंटींकडे त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. त्यावर वडिलांचं आडनाव नुसतं ‘कीफ’ होतं.

रविवारी दोघी मेट्रोनं क्रांजीला गेल्या. सुलेखानं यादीतलं ‘के’चं पान काढलं. कीफ, डॅनियल, गनर. युद्धकैदी असताना १९४३ साली मृत्यू. सिंगापूरच्या ॲग्नेसचा पती.

आंटींनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्या सावकाश चढ चढून स्मारकाच्या भिंतीपाशी गेल्या आणि दगडात कोरलेल्या नावावर त्यांनी तळहात ठेवला.

“तो पळाला नव्हता,” त्या म्हणाल्या. “आईला हे कळायला हवं होतं गं.”

सुलेखा त्यांचा हात धरून उभी राहिली.

पुढचं काम आंटींनीच अंगावर घेतलं. त्यांनी विलायतेला अर्ज केला. पाच महिन्यांनी फौजेतले कागद आले. भरतीच्या कारकुनानं ‘ओ’ गाळला होता. खाली सही करताना डॅनियलनं तो दाटीवाटीनं घातला होता. कागदांवर आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या एका खेड्याचं नाव होतं. तिथल्या चर्चला आंटींनी पत्र टाकलं, आणि उत्तर आलं ते ब्रिजिड नावाच्या बाईचं, डॅनियलच्या धाकट्या भावाच्या मुलीचं.

तिनं डॅनियलच्या १९४१ सालच्या शेवटच्या पत्राची प्रत पाठवली होती. ‘माझी टेरेसा आता वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते,’ असं त्यात होतं. ‘लढाई संपली की तिला घरी घेऊन येईन.’

आंटींनी ते सुलेखाकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं.

बहात्तराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. जूनमध्ये कॉर्कला थंडी असते का, हे त्यांनी ब्रिजिडला फोन करून विचारलं, आणि सुलेखाला बरोबर घेऊन त्या स्वेटर घ्यायला निघाल्या.